दोरीवरची चड्डी : हसण्यावारी नेलेली गोष्ट

शीर्षक वाचून अंक पटकन मिटलात ना? की आधी मागे वळून सासूबाई कुठे आहेत ते पाहिलंत? त्यात तुमचा काही दोष नाही. आपल्याकडे हा विषय निघतो तो दोनच ठिकाणी. एक सिनेमाच्या थेटरात, हसण्यासाठी. आणि दुसरा दुकानाच्या काउंटरवर, तोही "पंचाऐंशीचं द्या हो" इतकंच हळूच पुटपुटून. मापाचा आकडा सांगायचा, वस्तूचं नाव मात्र घ्यायचं नाही!

पण मैत्रिणींनो, ती वस्तू घरात आणतं कोण? रोज धुतं कोण? नाडी आत गेली की तिच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती पुन्हा ओवतं कोण? बनियनची पार जाळी झाली तरी "अजून वर्षभर निघेल" म्हणणाऱ्या गृहस्थांची समजूत घालतं कोण? लग्नाला वीस वर्षे झालेल्या बाईने दिवसाला एक जोड धरला, तरी सात हजारांवर वेळा नवऱ्याचे आतले कपडे धुतलेले असतात. ज्या गोष्टीला आपला हात सात हजार वेळा लागला, तिच्याविषयी चार शब्द मोकळेपणाने बोलायला काय हरकत आहे?

गंमत तर या विषयात भरपूर आहे, आणि ती सांगणारच आहे. पण हसता हसता दोन गोष्टी अशा राहून गेल्या आहेत, की त्यांची किंमत आपण बायकाच मोजतो. त्या पुढे येतीलच.

लंगोटाचा मान

पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात राहू गाव आहे. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा. म्हणून या गावाला आणि आसपासच्या गावांना मिळून 'राहू बेट' म्हणतात. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून गुऱ्हाळे आहेत. अशा गुऱ्हाळावर चुलवाणापुढे बसून चिपाडे सारणारा माणूस किंवा रात्री उसाला दारं धरणारा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. अंगात बनियन, कमरेला अर्धी चड्डी. तिथे त्या कपड्यांना कुणी 'आतले' म्हणत नाही. ते कामाचे कपडे. त्याच माणसाला दौंडला कचेरीत जायचं असलं की वर पँट-शर्ट किंवा लेंगा-सदरा चढतो, आणि मघाची चड्डी एकदम 'आतली' होते. म्हणजे कपडा तोच. समोर कोण आहे, यावर तो आतला की बाहेरचा ते ठरतं.

आणि याच कपड्याचा धाकटा, पण मानाने थोरला भाऊ म्हणजे लंगोट. या भागात यात्रा म्हटली की छबिना, तमाशा आणि कुस्त्यांचा आखाडा ठरलेला. हजारो माणसांच्या समोर नुसत्या लंगोटावर उभा राहिलेला गडी कुणाला उघडा वाटत नाही. उलट तांबड्या मातीने माखलेल्या त्या अंगाकडे लोक कौतुकाने बघतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच मातीतून वर आले, आणि त्यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेलं ते पहिलं पदक. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या तालमींत लंगोटाचा मान आणखी वाढला.

भाषेतसुद्धा पाहा. बालपणापासूनचा मित्र तो 'लंगोटीयार'. चारित्र्याने चोख तो 'लंगोटाचा पक्का'. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात लंगोटी उदारपणाच्या ओघात येते. गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला अंगावरचे बाकीचे कपडे उतरवून नुसता पंचा नेसायला सुरुवात केली, तेव्हा त्या तोकड्या वस्त्रालाही देशात केवढी प्रतिष्ठा आली. पुरुषाच्या अंगावर कपडा कमी असला तर तो त्यागी, बलवान, कष्टाळू! बाईच्या डोक्यावरचा पदर ढळला तर मात्र गावभर चर्चा.

त्या आखाड्याभोवती बायका मात्र दिसत नसत. कित्येक गावांत बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, असाच रिवाज होता. तो आता सैल होतो आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी या मुलीने गदा खांद्यावर घेतली. आखाड्यातली एक बारीकशी गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे : तालमीत राहणारा पैलवान आपला लंगोट आपणच धुतो.

नाम्याची नाडी

लंगोटाला मान मिळाला. चड्डीच्या वाट्याला आलं हसू. आणि ते हसू महाराष्ट्राला भरभरून दिलं ते दादा कोंडके यांनी.

दादा तुमच्या-आमच्या पुणे जिल्ह्याचेच म्हणायचे. जन्म १९३२ चा, मुंबईच्या नायगावातला, गिरणी कामगारांच्या वस्तीतला. पण मूळ गाव भोरजवळचं इंगवली. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने त्यांचं नाव घरोघर नेलं, आणि १९७१ साली 'सोंगाड्या' आला. आईच्या धाकातला भोळा नाम्या, ढगळ अर्धी चड्डी आणि पुढे लोंबणारी लांबलचक नाडी. नाम्या तमाशाच्या नादी लागला आणि उभा महाराष्ट्र नाम्याच्या नाडीच्या नादी लागला! पुढे दादांचे चित्रपट एकामागून एक पंचवीस-पंचवीस आठवडे चालले. ओळीने नऊ रौप्यमहोत्सव, म्हणून गिनीज बुकात नाव लागलं.

आता थेटरात बायका का हसत होत्या? नुसत्या द्व्यर्थी बोलण्याला म्हणाल, तर ते अर्धंच उत्तर झालं. ती चड्डी त्यांच्या ओळखीची होती. पट्ट्यापट्ट्याचं कापड आणायचं, गावच्या शिंप्याकडून गुडघ्याएवढी ढगळ चड्डी शिवून घ्यायची, आणि दर धुण्याला नाडी आत जाऊ नये म्हणून तिच्या दोन टोकांची गाठ मारून ठेवायची, हे घराघरातलंच काम. त्यातून पुरुषाची नाडी लोंबते आहे म्हणजे काय? तर या बाप्याला स्वतःची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही. त्याला आई तरी लागते, नाहीतर बायको तरी. पडद्यावर रत्नमाला यांनी रंगवलेली 'आये' दटावते आहे, उषा चव्हाण कमरेवर हात ठेवून ठसक्यात बोलते आहे, आणि मधे हा चड्डी सावरत उभा! घरात ज्याच्यापुढे वर मान करून बोलायची सोय नाही, त्याच्याच जातीचा माणूस असा फजीत झालेला बघून बाईच्या मनावरचं ओझं घटकाभर उतरत असेल, यात काय नवल?

पण खेळ संपला, की घरी येऊन तीच चड्डी पुन्हा आपल्याच बादलीत. आणि त्या विनोदातला निम्मा भार पुष्कळदा बाईच्याच अंगावर टाकलेला असायचा, हेही विसरून चालणार नाही. हसण्याने फजिती पुरुषाची झाली, धुणं मात्र कुणाचं बदललं नाही.

इलॅस्टिक आलं

योगायोग बघा. ज्या १९७१ साली नाम्याची नाडी पडद्यावर लोंबली, त्याच साली मुंबईत जयकुमार पाठारे या मराठी उद्योजकाने पुरुषांच्या तयार अंतर्वस्त्रांचा 'व्हीआयपी' हा छाप सुरू केला. शिंप्याकडची ढगळ चड्डी मागे पडू लागली आणि इलॅस्टिकचा, अंगाबरोबर बसणारा जांग्या खोक्यात घालून विकला जाऊ लागला. आधी 'गंजीफ्रॉक' म्हणायचे, त्याचं 'बनियन' झालं. नाडी ओवायचं काम गेलं, त्या जागी सैल झालेलं इलॅस्टिक आलं. तिरुपूर आणि कोलकाता इथल्या कारखान्यांनी हा माल खेड्यापाड्यांतल्या आठवडे बाजारापर्यंत पोचवला.

खोकं आलं की त्यावर चित्र आलं, आणि चित्र आलं की जाहिरात आली. ही रीत बाहेरच्या देशांतली. अमेरिकेत कूपर्स नावाच्या कंपनीने १९३५ च्या जानेवारीत शिकागोच्या एका दुकानात 'जॉकी' नावाची आखूड चड्डी पहिल्यांदा विकायला ठेवली. १९८२ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात कॅल्विन क्लाईनने नुसत्या पांढऱ्या चड्डीवरच्या एका खेळाडूचं चित्र भल्यामोठ्या फलकावर लावलं. १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर' या सिनेमात तर गंमतच आहे. मुलगा काळाच्या मागे जाऊन आपल्याच तरुणपणीच्या आईला भेटतो, आणि ती त्याला 'कॅल्विन' म्हणून हाका मारते. का, तर त्याच्या चड्डीवर तेच नाव छापलेलं असतं! आपल्याकडची पोरं आज पँट खाली सरकवून इलॅस्टिकवरचं नाव मिरवतात, त्यातही वेगळं काही नाही. नाडी लोंबली तर गावंढळ, पट्टी दिसली तर ऐटबाज.

आपल्या जाहिरातींत चड्डीला पहिल्यापासून मर्दानगीशी बांधलं. दलीप ताहिलसारख्या नटापासून पुढे सनी देओल, अक्षय कुमार यांच्यापर्यंत पडद्यावरचे दांडगे पुरुष चड्डी-बनियनच्या जाहिरातींत आले. गुंडांना लोळवायला काय बनियन लागतं? पण लोकांनी ते मानलं.

मग २००७ साली 'अमूल माचो'ची जाहिरात आली. (दूधवाल्या अमूलचा या मालाशी काही संबंध नाही बरं का, हा कोलकात्याच्या एका होजियरी कंपनीचा छाप.) नवी नवरी पाणवठ्यावर नवऱ्याची चड्डी धुते आहे, बाकीच्या बायका बघताहेत, आणि ती धुता धुता नको तितकी खुलते आहे. तक्रारी झाल्या, आणि केंद्राच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने ती जाहिरात दूरदर्शन वाहिन्यांवरून थांबवायला लावली. आक्षेप कशाला होता? तर तिच्या चेहऱ्यावरच्या भावाला. ती धुते आहे, याला कुणाचाच आक्षेप नव्हता! पाणवठा तोच, धुणं तेच, ते काम तिचंच, हे इतकं गृहीत की डोळ्यांना खुपलंसुद्धा नाही. पुढे २०२१ साली त्याच छापाच्या जाहिरातीत रश्मिका मंदाना व्यायाम करणाऱ्या विकी कौशलच्या चड्डीच्या पट्टीकडे चोरून बघते असं दाखवलं, आणि पुन्हा गदारोळ झाला. बाईने पुरुषाकडे बघितलं म्हणून आरडाओरडा. पुरुषांनी बायकांकडे बघितलेल्या जाहिराती मोजायला बसलो तर वर्ष पुरायचं नाही.

बाहेरून घातलेली चड्डी

तुमच्या लहानपणी घरात इंद्रजाल कॉमिक्स येत असतील, तर वेताळ आठवेल. १९६४ ते १९९० ही पुस्तकं निघत होती, मराठीतही. जंगलात राहणारा, तोंडावर बुरखा घेतलेला तो वीर, आणि त्याची पट्ट्यापट्ट्याची चड्डी! नाम्याच्या चड्डीचंच साहेबी भावंड म्हणा. तिकडे १९३८ साली अवतरलेल्या सुपरमॅननेही निळ्या पोशाखावरून लाल चड्डी घातली. २०११ साली कॉमिक्सवाल्यांनी त्याची ती चड्डी काढून टाकली तेव्हा जुने वाचक हळहळले, आणि २०२५ च्या नव्या चित्रपटात ती परत आली. आपल्याकडे १९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागायची. तिच्या शीर्षकगीतात गुलजारांनी 'चड्डी' हा शब्द असा गोड बसवला, की त्या पिढीची पोरं आज आईबाप झाली तरी ते गाणं विसरलेली नाहीत.

म्हणजे चड्डी बाहेर दिसली की एक तर वीर, नाहीतर लेकरू. मोठ्या माणसाची दिसली की मात्र ती त्याची लायकी काढायला उपयोगी पडते. 'चड्डीत राहा' म्हणजे आपल्या पायरीने वाग. घाबरला की त्याची चड्डी ओली. दरोडेखोरांची टोळी 'चड्डी-बनियनवाली' असली की वर्तमानपत्रात मथळा मोठा. राजकारणही यातून सुटलं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईच्या आमदार निवासात एका आमदाराने उपाहारगृहातल्या कामगाराला मारहाण केली. त्या वेळी आमदारांच्या अंगावर बनियन आणि टॉवेल होता. त्यानंतर विरोधी आमदारांनी त्याच वेषात विधानभवनात निदर्शनं केली. मारहाणीचा मुद्दा गंभीर, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते बनियन. आतल्या कपड्यांची हीच खोड आहे : ते दिसले की माणूस हसतो, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

घरातही नेमकं हेच होतं. आता त्या दोन गोष्टींकडे येते.

पहिली गोष्ट : दोन दोऱ्या

तुमच्या गॅलरीतली किंवा परसातली दोरी डोळ्यांपुढे आणा. ह्यांची चड्डी-बनियन समोर, लख्ख उन्हात, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. आणि आपले कपडे? टॉवेलखाली, परकराच्या आत, नाहीतर मोरीतल्या खिळ्यावर. बाहेर टाकले तर 'दिसतं'. म्हणून ते दमट राहतात, आणि आपण ते तसेच अंगात घालतो.

बायांनो, गजकर्ण आणि नायटा यांची बुरशी नेमकी अशाच जागी वाढते : ओल, ऊब आणि अंधार. उसात दिवसभर ओल्या अंगाने वावरणारा शेतकरी, भट्टीपुढे घामाने निथळणारा कामगार, दिवसभर गाडीच्या सीटवर बसणारा ड्रायव्हर, यांना जांघेतलं गजकर्ण सहज होतं. लाजेने तो सांगत नाही, तुम्हीही विचारत नाही. त्याचाच टॉवेल घरात सगळे वापरतात, आणि महिन्याभरात ते तुम्हाला होतं, पोरांना होतं. मग औषधाच्या दुकानातून 'खाजेचं मलम' येतं. यातल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत जाते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. अलीकडच्या वर्षांत चिवट गजकर्णाने देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ हैराण आहेत, आणि हे मलम त्याचं एक मोठं कारण असल्याचं ते सांगतात.

दुसरी गोष्ट : दोष कुणाचा?

लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की पहिली तपासणी कुणाची? सुनेची. उपास सुनेचे, नवस सुनेचे, देवऋषी सुनेला, आणि शेवटी "दुसरी करावी का?" हेही सुनेच्याच कानावर. मुलाला नुसतं तपासा म्हटलं तरी घरात भूकंप. का? तर ती 'मर्दानगीची' गोष्ट. पडद्यावर ज्या चड्डीला हसता येतं, त्याच चड्डीतल्या दुखण्याविषयी बोलता येत नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगतं ते नीट वाचून ठेवा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीने. पुरुषाची वीर्यतपासणी ही सोपी, विनावेदना आणि बायकांच्या तपासण्यांच्या मानाने स्वस्त. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, बस. ही तपासणी झाल्याशिवाय सुनेवर दुर्बीण घालायची घाई करणं म्हणजे शुद्ध अन्याय.

आणि इथे चड्डीचा खराच संबंध येतो. पुरुषाचे वृषण शरीराच्या बाहेर असतात ते उगाच नाही. शुक्रजंतू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. घट्ट जांग्याने ते अंगालगत आवळून ठेवले की तो थंडावा कमी होतो. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ साली ६५६ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक वेळ ढगळ चड्डी वापरणाऱ्यांत शुक्रजंतूंचं प्रमाण घट्ट वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त आढळलं. याचा अर्थ घट्ट चड्डीने वांझपण येतं असा नाही. घट्ट वापरणाऱ्यांचे आकडेही एकंदरीत सर्वसाधारण मर्यादेतच होते. पण ज्याचे आकडे आधीच काठावर आहेत, त्याने इलॅस्टिकची ऐट सोडून सैल सुती चड्डी वापरली तर तोटा काहीच नाही. भट्टीपुढचं काम, तासन्‌तास मांडीवर तापणारा लॅपटॉप, तंबाखू आणि दारू हेही यातले शत्रूच. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून बदल केल्यावर तीन महिने धीर धरायचा. विनोदासाठी का होईना, दादा कोंडक्यांची ढगळ चड्डी शास्त्राच्या बाजूची निघाली म्हणायची!

घरात एवढं करा

* धुणं : गजकर्ण झालेल्याचे आतले कपडे आणि टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवा. उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पूर्ण वाळल्यावर शिवणीवरून इस्त्री फिरवा. बुरशी शिवणीत दडून राहते.

* टॉवेल : प्रत्येकाचा वेगळा. नव्या संसारात नवरा-बायकोचा एक टॉवेल म्हणजे प्रेम असेल, पण गजकर्णाला ते कळत नाही.

* औषध : घरात एकाला झालं तर सगळ्यांनी एकदम डॉक्टरांना दाखवा. खाज थांबली तरी त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करा. दुकानदाराच्या सल्ल्याने मलम आणू नका.

* खरेदी : रोजच्या वापराला सुती कापड, माप कमरेचं सेंटिमीटरमध्ये. इलॅस्टिकचे वळ अंगावर उठत असतील तर माप लहान आहे. माणशी निदान सहा जोड ठेवा म्हणजे ओला घालायची पाळी येत नाही. इलॅस्टिक पिळू नका आणि ब्लीचमध्ये बुडवू नका, लवकर सैल पडतं.

* जुनं बनियन : अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे एके काळचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावावर एक आडाखा सांगतात. हातात पैसा कमी झाला की पुरुष सगळ्यात आधी नवी चड्डी घ्यायची लांबवतात, कारण ती कुणाला दिसत नाही. आपल्या घरात पैसा असतानाही ती लांबवतात! तेव्हा जाळी झालेली बनियनं सरळ कापून आरसे आणि खिडक्या पुसायला घ्या. त्याहून मऊ फडकं बाजारात मिळत नाही.

* आपले कपडे : तेही उन्हातच. रस्त्याकडची दोरी नको वाटत असेल तर गच्चीवर टाका, मागच्या दाराला टाका, पण ऊन लागू द्या. उन्हाला आतलं-बाहेरचं कळत नाही.

* आणि मुलगे : दहा-बारा वर्षांचा मुलगा आंघोळ करून निघताना आपली चड्डी आपण धुवून, पिळून, दोरीवर टाकू शकतो. त्यात त्याचं काही कमी होत नाही. "हे बायकांचं काम" म्हणाला तर त्याला तालमीतला पैलवान दाखवा. तांबड्या मातीत गदा मिळवणारा गडी आपला लंगोट आपण धुतो. मग यांनाच कसली लाज?

ही सवय मुलाला आज लावलीत, तर उद्या येणाऱ्या सुनेचे सात हजार पिळे वाचतील. आणि मुलाला आपल्या अंगाविषयी, दुखण्याविषयी बोलायची सवय झाली, तर उद्या डॉक्टरांच्या दारात ती एकटी उभी राहणार नाही, तोही शेजारी असेल. आज धुणं वाळत घालाल तेव्हा सुरुवात एवढ्यानेच करा : टॉवेलखालचा आपला ओला कपडा काढा आणि ह्यांच्या बनियनशेजारी उन्हात टाका.